क्रोशाची लोकरी टोपी : या चुका टाळा

टोपी बिघडलेली कळते ती काठाशी आल्यावर. घालून बघितली की एकतर कपाळावर रुततेय, नाहीतर डोळ्यांवर उतरतेय. चूक मात्र बहुतेक वेळा वरच्या चकतीतच (माथ्याच्या सपाट गोलात), पहिल्या पाच-सहा फेऱ्यांत झालेली असते. तेव्हा थांबून दोनदा मोजलं असतं तर नंतर अर्धा गुंडा उसवावा लागला नसता. म्हणून या लेखात सगळ्यात जास्त जागा चकतीला दिली आहे. काठ, धागे लपवणं, धुणं हे नंतर थोडक्यात.

हिशेबासाठी एकच टोपी धरू. मध्यम जाडीची लोकर, 5 मिमीची सुई, काठ सोडून सगळी टोपी साध्या खांबाची (सुईवर एक वेढा घेऊन घातलेला उंच टाका). मोठ्या माणसाच्या टोपीला 80 ते 100 ग्रॅम लोकर पुरते. या जोडीने बहुतेकांच्या हाताला 10 सेंमीत साधारण 13 खांब आणि 7 फेऱ्या बसतात.

डोक्याच्या मापाचीच टोपी विणणं

डोक्याचा घेर 55 सेंमी, म्हणून टोपीही 55 सेंमीची, हा हिशेब चुकतो. क्रोशाची वीण ताणली जाते. टोपी डोक्याला धरून राहायला हवी असेल तर तिचा घेर डोक्यापेक्षा 3 ते 5 सेंमी कमीच हवा. म्हणजे 55 च्या डोक्याला 51 ची टोपी. 51 ला 3.14 ने भागा : वरची चकती 16 सेंमीच्या आसपास झाली की वाढवणं थांबवायचं. टाक्यांत सांगायचं तर 10 सेंमीला 13 या मापाने 51 सेंमीला 66 खांब.

डोकं मोजताना फीत भुवयांच्या जरा वर आणि मागे जिथे डोकं सगळ्यात फुगीर असतं तिथून फिरवा. टोपी ज्याला द्यायची तो समोर नसेल तर मोठ्यांसाठी 54 ते 58 सेंमी, वर्षाच्या बाळासाठी 45-46 सेंमी घेर धरून चालतं.

वेगळा नमुना विणून बघायचा कंटाळा सगळ्यांनाच असतो. मग चकतीलाच नमुना माना. चार फेऱ्या झाल्या की तिचा व्यास 11 ते 11.5 सेंमी भरला पाहिजे. 10 च भरला तर हात घट्ट आहे, 5.5 ची सुई घेऊन पुन्हा सुरू करा. 13 भरला तर 4.5 ची घ्या. "आता घट्ट झालंय, पुढे सैल विणेन" असं ठरवून काही होत नाही. हात पाच मिनिटांत मूळ सवयीवर येतो, म्हणून बदलायची ती सुई.

चकती : झालर पडते किंवा वाटी होते

नियम सोपा आहे. पहिल्या फेरीत जितके टाके, तितकेच प्रत्येक फेरीत वाढवायचे, म्हणजे तितक्या ठिकाणी एका टाक्यात दोन घालायचे. ते किती, हे टाक्याच्या उंचीवर ठरतं. मुक्या खांबाला (वेढा न घेता घातलेला बुटका टाका) 6, खांबाला 12. अर्ध्या खांबाला (या दोन्हींच्या मधल्या उंचीचा) 8 ते 10, हाताप्रमाणे. मुक्या खांबाच्या टोपीची कृती बघून तिथे खांब घातले की चकतीला टाके कमी पडतात आणि तिसऱ्या फेरीतच वाटी होते. उलट केलं तर झालर पडते.

आपल्या टोपीचा हिशेब असा : 12, 24, 36, 48, 60. सहाव्या फेरीत बाराऐवजी सहाच वाढवा. नऊ टाक्यांत एकेक खांब, दहाव्यात दोन, असं सहा वेळा. झाले 66. इथून पुढे वाढ बंद.

प्रत्येक फेरीनंतर चकती टेबलावर टाकून बघा. कडा किंचित वर उचललेली असेल तर हरकत नाही, टोपीला शेवटी गोलाईच हवी आहे. पण झालर पडली असेल तर ती पुढच्या फेरीत आपोआप बसत नाही. कुठेतरी एका टाक्यात दोनाऐवजी तीन गेलेत किंवा वाढ लागोपाठ झाली आहे. ती फेरी उसवा. एका फेरीला दहा मिनिटं लागतात. सहा फेऱ्यांनंतर तीच चूक तासभर खाते.

आणखी एक. वाढ दर फेरीत एकावर एक आली की गोलाला कोपरे पडतात. मुक्या खांबात तर सरळ षटकोन दिसतो. उपाय म्हणून एका आड एक फेरीत वाढ सरकवा. उदाहरणार्थ पाचव्या फेरीत "तीन टाक्यांत एकेक, चौथ्यात दोन" असं असतं. त्याऐवजी सुरुवातीला एकाच टाक्यात एक खांब घालून लगेच वाढ करा, मग नेहमीचा क्रम अकरा वेळा, आणि शेवटी उरलेल्या दोन टाक्यांत एकेक. एकूण साठच होतात, पण कोपरे पुसले जातात.

23 आले, 25 आले, 24 काही येत नाहीत

नवशिक्यांचा सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, म्हणून जरा जवळून बघू.

पहिली फेरी : तीन साखळ्या, त्यांना एक खांब मानायचं, आणि रिंगमध्ये (धाग्याचा आवळता येणारा सुरुवातीचा वेढा, म्हणजे मॅजिक रिंग) आणखी 11 खांब. मग स्लिप स्टिचने (जवळजवळ उंची नसलेला जोडटाका) तिसऱ्या साखळीच्या डोक्यात, म्हणजे वरच्या फासात, जोडायचं. दुसऱ्या साखळीत नव्हे, दोन साखळ्यांच्या मधल्या फटीतही नव्हे. जोडल्यावर पुन्हा तीन साखळ्या. आता सुई जिथून निघाली, त्याच टाक्यात एक खांब घालायचा, कारण दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन हवेत आणि त्यातला एक ही साखळीच आहे. हा खांब विसरला की 23 येतात. फेरीच्या शेवटी स्लिप स्टिचची गाठ टाक्यासारखीच दिसते. तिच्यात सुई घातली की आकडा वर जातो. तिसरी चूक उलटी : शेवटचा टाका साखळीच्या मागे दडतो आणि सुटतो.

यावर दोन इलाज आहेत. पहिला, फेरीचा पहिला टाका झाल्या झाल्या त्याच्या डोक्यात मार्कर अडकवणं. मार्कर नसेल तर दुसऱ्या रंगाचा दोऱ्याचा तुकडा किंवा सेफ्टी पिन चालते. दुसरा, साखळी मोजायचीच नाही असं ठरवणं. दोनच साखळ्या घ्या, त्याच टाक्यात पहिला खरा खांब घाला, आणि फेरी संपल्यावर साखळीत न जोडता त्या पहिल्या खांबाच्या डोक्यात जोडा. आम्ही ही दुसरी रीत सुचवू. मोजणी सोपी होते आणि जोडावर पडणारी उभी फटही बुजते. फक्त एका टोपीत दोन्ही रीती मिसळू नका.

जोडाची रेघ हळूहळू तिरपी होत एका बाजूला सरकते, ती मात्र चूक नाही. टाक्याचं डोकं खांबाच्या बरोबर वर नसतं, म्हणून असं होतं. फारच खुपत असेल तर दर फेरीनंतर काम उलटवून विणा, रेघ बरीच सरळ राहते. नाहीतर तो भाग मागे जाईल अशी टोपी घाला.

इंग्रजी कृती वाचताना

टोपी निम्म्याच उंचीची झाली, किंवा भलतीच जाळीदार झाली, तर एकदा कृतीतले शब्द तपासा. आपला खांब म्हणजे अमेरिकन पद्धतीत "डबल क्रोशे", पण ब्रिटिश पद्धतीत "ट्रेबल". ब्रिटिश "डबल क्रोशे" म्हणजे आपला मुका खांब. ओळखायची खूण : कृतीत कुठेही "सिंगल क्रोशे" असेल तर ती अमेरिकन, कारण ब्रिटिश पद्धतीत हे नावच नाही.

वरचं भोक

मॅजिक रिंग ओढून घट्ट केली, धागा चार सेंमी ठेवून कापला, आणि महिन्याभराने टोपीच्या माथ्यावर बोट जाईल एवढं भोक. सुरुवातीचा धागा किमान 15 सेंमी ठेवा. रिंग आवळल्यावर तो मोठ्या नाकाच्या सुईने मधल्या टाक्यांच्या बुडातून एकदा पूर्ण गोल फिरवा, मग दिशा बदलून उलटा फिरवा. गाठ मारू नका. डोक्याला टोचते आणि सुटते ती सुटतेच. रिंग जमत नसेल तर चार साखळ्यांचा गोल करून त्यात विणा. बारीक भोक राहतं, पण धागा नीट शिवला तर तेही मिटतं.

उंची आणि काठ

मोठ्यांच्या टोपीची उंची माथ्याच्या मध्यापासून काठापर्यंत 20 ते 22 सेंमी. ती मापताना टोपी जमिनीवर सपाट ठेवा, ओढू नका. आपल्या हिशेबात चकतीच्या 6 फेऱ्या, सरळ 6 फेऱ्या आणि काठाच्या 4, मिळून सुमारे 21 सेंमी होतात. सरळ फेऱ्यांतही दर फेरीला 66 मोजा. टोपी खाली निमुळती होत चालली असेल तर आकडा घटलाय, दुसरं कारण क्वचितच असतं.

नुसत्या खांबाचा काठ सैल राहतो आणि दोन-चार वापरांत पसरतो. म्हणून शेवटच्या फेऱ्या उठावाच्या खांबांनी करा. टाक्याच्या डोक्यात सुई न घालता खालच्या खांबाच्या उभ्या दांड्याभोवती फिरवायची, एकदा पुढून, एकदा मागून. सुई 4.5 ची घ्या. यासाठी टाक्यांची संख्या सम लागते, नाहीतर फेरीच्या शेवटी दोन उठाव शेजारी येतात. पहिल्या फेरीत काहीच फरक दिसत नाही आणि बरेच जण तिथेच सोडून देतात. उभ्या पट्ट्या दुसऱ्या-तिसऱ्या फेरीपासून दिसायला लागतात.

काठानंतर स्लिप स्टिचची फेरी घालायचा मोह टाळा. ती ताणली जात नाही. सुंदर दिसते, पण टोपी डोक्यात जात नाही.

टोपी थोडीच सैल झाली असेल तर सगळी उसवू नका. काठाच्या आधीच्या फेरीत सारख्या अंतरावर सहा ठिकाणी दोन टाके एकत्र विणा. 66 चे 60 होतात, काठ चार-पाच सेंमीने आवळतो. घट्ट झालेल्या टोपीला मात्र असा आडमार्ग नाही, चकतीपर्यंत उसवून आणखी सहा वाढवावे लागतात.

लोकर

पहिल्या टोपीला काळी, गडद निळी किंवा केसाळ लोकर घेऊ नका. टाके दिसत नाहीत, आणि केसाळ लोकर उसवताना एकमेकींत गुंतते. सुती दोऱ्याची टोपी जड होते आणि वापरून लोंबते. दोन गुंडे लागणार असतील तर लेबलावरचा डाय लॉट (एकाच वेळी रंगवलेल्या लोकरीचा क्रमांक) एकच असल्याचं बघा, नाहीतर दिवसाच्या उजेडात मधोमध रंगाची पट्टी दिसते.

अ‍ॅक्रिलिकवर गरम इस्त्री टेकवली की वीण कायमची चपटी आणि ढिली पडते, ती परत येत नाही. खऱ्या लोकरीचं दुखणं वेगळं : गरम पाणी आणि चोळणं यांनी ती आटून नमद्यासारखी होते. गार पाण्यात बुडवून, टॉवेलमध्ये दाबून, सपाट वाळवा. दोरीवर टांगलेली ओली टोपी आपल्याच वजनाने लांबते.