ऑक्टोबरचा बांगडा आणि बर्फाचा हिशेब

पावसाळी मासेमारी बंदी उठून, नारळी पौर्णिमेचा नारळ दर्याला देऊन होड्या केव्हाच बाहेर पडल्या. आता किनाऱ्यावर बांगडा-तारलीचे दिवस आहेत. मिरकरवाडा, हर्णै, मालवण, वेंगुर्ल्यापासून खाली गोव्यापर्यंत रापणी (किनाऱ्यावरून ओढायची जाळी), गिलनेट (मासा अडकवणारे जाळे) आणि पर्ससीनला (थव्याला वेढणारे मोठे जाळे) ही मासळी याच महिन्यांत जोरात लागते. पावसात अंडी घालून झाल्यावर तारली खाऊन-पिऊन पुन्हा तेल धरते, त्यामुळे चवीलाही ती आत्ताच उत्तम. मात्र नेमके हेच दिवस कडक उन्हाचे. पाऊस ओसरलेला, वारा पडलेला, दुपारी जेटीचे काँक्रीट अनवाणी पायाला चटके देते. वर्षातली सर्वांत तेलकट मासळी आणि ऑक्टोबरचा उकाडा एकाच वेळी येतात. या दोन महिन्यांत हाताळणीत झालेली हयगय म्हणूनच फार महागात पडते.

एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. शेतीत काढणीनंतरची काळजी आता अंगवळणी पडली आहे. हापूसचा देठ दुखावू नये म्हणून आपण तो झेल्याने अलगद उतरवतो. त्याच गावात बांगडा मात्र फळीवर फावड्याने ओढला जातो, पाटीत आपटला जातो आणि लिलाव होईपर्यंत उन्हात पडून राहतो. हे बदलायला मोठी यंत्रसामग्री लागत नाही. वेळेवर आणि पुरेसा बर्फ लागतो.

मासा ‘बाधतो’ म्हणजे काय होते

बांगडा, तारली, कुपा आणि गेदर (हे ट्यूनाचे प्रकार) आणि काही प्रमाणात सुरमई यांच्या मांसात हिस्टिडीन नावाचे अमिनो आम्ल नैसर्गिकरीत्या असते. मासा मेला की कल्ल्यांतले आणि आतड्यांतले जिवाणू मांसात शिरतात. ऊब मिळाली की ते हिस्टिडीनपासून हिस्टामिन तयार करतात. असा मासा खाल्ल्यावर काही मिनिटांत किंवा तास-दोन तासांत चेहरा आणि मान लाल होते, अंगाला खाज सुटते, गांध्या उठतात, डोके ठणकते, काहींना उलट्या-जुलाबही होतात. घरात म्हणतात, “बांगडा बाधला, पित्त उठलं.” पुष्कळदा ती माशाची ॲलर्जी नसतेच. मासा उन्हात राहिलेला असतो, एवढेच.

हिस्टामिन एकदा तयार झाले की ते जात नाही. तव्यावर कुरकुरीत तळा, तिरफळे घालून तिखले करा, मीठ लावा, गोठवा किंवा डबाबंद करा, ते तसेच राहते. वासावरून आणि डोळ्यांवरूनही ते ओळखता येत नाही. काही तास तापलेला आणि मग बर्फात टाकलेला बांगडा दिसायला चांगला चकचकीत असू शकतो. म्हणून “बंदरावर आल्यावर भरपूर बर्फ मारू” हा विचार धोक्याचा आहे. उशिरा टाकलेल्या बर्फाने पुढची वाढ मंदावते, झालेले नुकसान भरून निघत नाही.

कायद्याची मर्यादाही माहीत असू द्या. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या निकषांनुसार अशा माशांच्या एका लॉटमधून (एकत्र आलेल्या मालातून) ९ नमुने तपासतात. त्यांतल्या जास्तीत जास्त २ नमुन्यांत हिस्टामिन किलोला १०० ते २०० मिलिग्रॅमच्या दरम्यान चालते, २०० च्या वर एकही चालत नाही. निर्यातीचा माल याच कसोटीवर अडतो. स्थानिक बाजारात प्रत्येक पाटी कोणी तपासत नाही, म्हणून तिथली जबाबदारी नाखवा (होडीचा मालक), तांडेल (होडी चालवणारा प्रमुख) आणि विक्रेत्या यांच्यावरच येते.

वेळ कुठून मोजायची? हवा किंवा पाणी २८ अंशांच्या वर असेल, तर मासा मेल्यापासून ६ तासांच्या आत तो बर्फात गेला पाहिजे, असे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचे मार्गदर्शन सांगते. आपल्याकडे या दिवसांत हीच परिस्थिती असते. हे ६ तास मासा मेल्यापासूनचे आहेत, होडीत आल्यापासूनचे नव्हेत. गिलनेटमध्ये बांगडा जाळ्यात अडकूनच मरतो. संध्याकाळी सोडलेले जाळे पहाटे ओढले, तर त्यातल्या काही माशांची मुदत पाण्यातच संपलेली असते. त्यामुळे या दिवसांत जाळी कमी वेळ ठेवा, लवकर ओढा. ओढताना आधीच मेलेला, ताठरपणा जाऊन सैल पडलेला मासा वेगळ्या पाटीत टाका. तो ताज्या मालात मिसळला की सगळ्या लॉटची खात्री जाते. रापणीचा आणि पर्ससीनचा मासा बहुतेक जिवंत हाती येतो, तिथे आपल्या हातात खूप काही असते.

बर्फ किती आणि कसा

३० अंशांवरचा १ किलो बांगडा शून्यावर आणायला साधारण ३०० ग्रॅम बर्फ वितळतो. हा झाला कागदावरचा हिशेब. प्रत्यक्षात होडीतल्या मासळी ठेवायच्या खणाच्या फळ्या तापलेल्या असतात, झाकण दर थोड्या वेळाने उघडते, बर्फ वाटेतच विरघळतो. इन्सुलेशन नसलेल्या होडीत १ किलो मासळीला १ किलो बर्फ धरा. वजन आणि खर्च वाचवण्यासाठी निघतानाच बर्फ कमी घेतात आणि मासळी जास्त लागली की तोच थोडा थोडा पसरतात. मग कुठलीच पाटी धड थंड होत नाही. बर्फ कमी पडत असेल तर निम्मी मासळी नीट बर्फात घालून आधी बंदराला आणणे जास्त फायद्याचे.

बर्फाचे मोल आकड्यांत पाहा. शून्य अंशावर मासळी एका दिवसात जितकी उतरते (शिळी पडते), तितकी ५ अंशांवर अर्ध्याहून कमी दिवसात आणि १० अंशांवर पाव दिवसात उतरते. चांगला बर्फ मिळालेला बांगडा आठ-नऊ दिवस खाण्याजोगा राहतो, तारली त्याहून कमी, पापलेट त्याहून जास्त. उष्ण पाण्यातल्या आपल्या माशांवरचे बरेच जिवाणू थंडीला सरावलेले नसतात, त्यामुळे थंड प्रदेशातल्या माशांपेक्षा आपली मासळी बर्फात सहसा जास्त टिकते.

लादी फोडताना तुकडे बारीक करा. मोठ्या खड्यांच्या कडा बांगड्याच्या पाठीत रुततात, आणि खडा माशाला सगळीकडून टेकतही नाही. क्रेटच्या तळाला चार बोटे बर्फ, त्यावर माशाचा एकच पातळ थर, त्यावर पुन्हा बर्फ, असे भरत जा आणि सर्वांत वरचा थर बर्फाचाच ठेवा. क्रेटच्या कडेलाही बर्फ जाऊ द्या, बाहेरची उष्णता तिथूनच शिरते. माशाचा थर दुप्पट जाड केला तर मधला मासा थंड व्हायला सुमारे चौपट वेळ लागतो. म्हणून काठोकाठ भरलेल्या डब्यात वरून बर्फाचे घमेले ओतले की वरचा मासा गारठतो आणि मधला तासन् तास कोमट राहतो. खात्री करायची असेल तर क्रेटच्या मधोमध हात घाला. बोटे बधिर झाली पाहिजेत. नुसते गार लागले तर बर्फ कमी आहे. स्वस्तातला डिजिटल थर्मामीटर मिळतो, तो माशाच्या पोटात घालून पाहिलात तर आणखी चांगले. तिथे ४ अंशांच्या खालचा आकडा दिसायला हवा.

बर्फाचे रक्ताळलेले पाणी क्रेटमध्ये साचू देऊ नका. तळाला भोके असावीत, आणि वरच्या क्रेटचे पाणी खालच्या माशावर पडणार नाही अशी रचना करा.

तारली आणि छोट्या बांगड्यासाठी बर्फ-पाण्याची टाकी क्रेटपेक्षा सरस. खोल समुद्रातले स्वच्छ पाणी आणि बर्फ आधीच मिसळून टाकी थंडगार करून ठेवा, मग मासळी सोडा. मासळी भरल्यावर बर्फ टाकायचा हा उलटा क्रम नको. खारे पाणी शून्याच्या किंचित खालीही द्रवच राहते आणि माशाला चहूबाजूंनी भिडते, त्यामुळे मासा लवकर गारठतो, दबतही नाही. या दिवसांत तारलीचे पोट खाद्याने भरलेले असते. पचनाचे विकर (एन्झाइम) मासा मेल्यानंतरही काम करत राहतात आणि पोट फुटते. पोट फुटलेल्या तारलीला भाव मिळत नाही, तिचे तेलही लवकर खवट होते. फावडे मारणे आणि क्रेटवर पाय देऊन उभे राहणे बंद केले तरी हे नुकसान बरेच कमी होईल.

सुरमई, कुपा, गेदर असे मोठे मासे लगेच रक्त काढून, कल्ले आणि आतडी काढून, स्वच्छ पाण्याने धुऊन पोटात बर्फ भरूनच ठेवा. हिस्टामिन करणारे जिवाणू कल्ल्यांत आणि आतड्यांतच जास्त असतात.

बंदरावर, बाजारात आणि गिऱ्हाइकाच्या पिशवीत

जेटीजवळच्या पाण्याने मासळी कधीही धुऊ नका. त्यात डिझेल, सांडपाणी आणि सगळ्या बंदराची घाण असते. लिलावाला लागेल तेवढीच पाटी बाहेर काढा, बाकीचा माल झाकलेला राहू द्या. वाळूवर ओतणे टाळा, निदान ताडपत्री अंथरा. क्रेट आणि फळ्या संध्याकाळी साबणाने घासून ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुवा (१० लिटरला साधारण ३ ग्रॅम ताजी पावडर) आणि काही मिनिटांनी साध्या पाण्याने खळबळा. कालचा उरलेला बर्फ आज मासळीवर टाकू नका.

विक्रेत्या भगिनींसाठी दोन गोष्टी. कापलेले तुकडे पाण्यात बुडवून ठेवू नका. विरघळणारी प्रथिने आणि ब गटातली जीवनसत्त्वे पाण्यात उतरतात, तुकडा फिका पडतो. गिऱ्हाईक आल्यावर कापा आणि धुऊन लगेच द्या. दुसरे म्हणजे, उरलेली मासळी घरच्या फ्रीजरमध्ये हळूहळू गोठते. तेलकट मासा तिथेही खवट होत राहतो. हवा न राहील अशी पिशवी बांधून ठेवा आणि बांगडा-तारली दोन-तीन महिन्यांत संपवा. एकदा सुटलेली मासळी पुन्हा गोठवून ‘ताजी’ म्हणून विकू नका.

या माशांची खरी किंमत त्यांच्या तेलातच आहे. बांगडा-तारलीत प्रथिने १०० ग्रॅमला १८-२० ग्रॅमच्या आसपास असतातच, शिवाय हृदयाला आणि गर्भातल्या बाळाच्या मेंदूला उपयोगी ओमेगा-३ मेदाम्ले, ड जीवनसत्त्व, बी-१२ आणि सेलेनियमही मिळते. लहान मासे असल्याने त्यांच्यात पारा मोठ्या शिकारी माशांच्या मानाने कमी साठतो. गरोदर बाईला आणि लहान मुलांना पापलेटपेक्षा स्वस्तातली तारली जास्त पोषण देते, हे गिऱ्हाइकाला आवर्जून सांगा. पण हेच तेल हवा आणि उन्हाने सर्वांत आधी बिघडते.

शीतपेट्या, बर्फपेटी लावलेली दुचाकी किंवा तीनचाकी यांना प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत अर्थसाहाय्य आहे. सर्वसाधारण लाभार्थ्यांना ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के. अर्ज कधी घेतले जातात ते जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारा.

मासळी टिकवण्यासाठी फॉर्मालिन या विषारी रसायनाचा विचार मनातही आणू नका. २०१८ मध्ये केरळ आणि गोव्यात मासळीतल्या फॉर्मालिनच्या प्रकरणाने गिऱ्हाईक महिनोन् महिने बाजारापासून दूर गेले, आणि त्याचा फटका प्रामाणिक विक्रेत्यांनाही बसला. बोंबलात मात्र मेल्यानंतर थोडे फॉर्मल्डिहाइड (फॉर्मालिनमधला मूळ पदार्थ) आपोआप तयार होते. त्यामुळे चाचणीपट्टीला हलका रंग आला म्हणून बोंबीलवालीवर आरोप करणे चूक आहे.

कोळंबी, तिसऱ्या आणि सुकवण

कोळंबीचे डोके काळे पडते ते तिच्याच विकरामुळे, सडल्यामुळे नव्हे. त्यावर खणात मूठभर सोडियम मेटाबायसल्फाइट (काळेपणा रोखणारी सल्फाइटची पूड) फेकण्याची सवय सोडा. कच्च्या कोळंबीच्या खाण्याजोग्या भागात सल्फाइटची मर्यादा किलोला १०० मिलिग्रॅम आहे, आणि बंद खणात त्याचा वायू खलाशाला, विशेषतः दमेकऱ्याला, घातक ठरतो. मोजून केलेल्या द्रावणात थोडा वेळ बुडवून, निथळून लगेच बर्फात घाला. कोळंबी संवर्धकांनी पहाटे काढणी करावी, कोळंबी थेट बर्फ-पाण्यात घ्यावी, आणि क्लोरॅम्फेनिकॉल किंवा नायट्रोफ्युरान गटातले प्रतिजैविक तलावाजवळही आणू नये.

तिसऱ्या आणि कालवे पाणी गाळून खातात, म्हणून पाण्यातली घाण त्यांच्या पोटात जमते. सांडपाण्याचा नाला खाडीला मिळतो त्या भागातली घेऊ नका. पूर्ण शिजवूनच खा. उकळल्यावर न उघडलेली टाकून द्या.

सुकवणीसाठी ऊन आता चांगले मिळेल. वलांडीवर (बांबू-दोरीच्या आडव्या मांडणीवर) टांगलेला बोंबील वाळूवर पसरलेल्या मासळीपेक्षा स्वच्छ आणि लवकर वाळतो. जवळ्यासाठीही जाळी लावलेला ओटा किंवा मांडव करा. बांगडा खारवताना ४ किलो माशाला १ किलो स्वच्छ मीठ वापरा. कच्च्या मिठागरी मिठातून येणारे जिवाणू खारवलेल्या माशावर गुलाबी थर आणतात. उन्हात वाळवायला घालण्याआधी बांगडा उरलेला, उतरलेला नसावा. हिस्टामिन वाळवूनही जात नाही. माश्या बसू नयेत म्हणून कीटकनाशक फवारणे म्हणजे खाणाऱ्याला विष देणे. बारीक जाळी आणि लवकर वाळवणे एवढाच त्यावर उपाय.

कोणाला मासा बाधल्याची तक्रार आली तर झटकून टाकू नका. त्या माणसाला डॉक्टरकडे जायला सांगा. मासा कोणता, किती वाजता खाल्ला आणि त्रास किती वेळाने सुरू झाला हे डॉक्टरांना सांगितले पाहिजे. श्वास कोंडत असेल तर एक क्षणही न थांबता दवाखाना गाठावा. उरलेला मासा टाकू न देता पिशवीत बांधून फ्रीजरमध्ये ठेवायला सांगा, तपासणीला तोच लागतो. आणि त्या दिवशी माल कोणत्या होडीचा घेतला हे पाहून त्या लॉटची विक्री तिथेच थांबवा.