जुन्या ऑफिस पीसीला दोन मॉनिटर लावताय? या चुका टाळा

दुसरा मॉनिटर लावला आणि 'नो सिग्नल' आलं की लोकं सरळ मॉनिटरला दोष देऊन मोकळी होतात, पण जुन्या पीसीत बहुतेक वेळा भानगड सीपीयूच्या मागे असते. म्हणून वायर, कन्व्हर्टर, कार्ड काहीही मागवायच्या आधी मोबाईलचा टॉर्च लावून मागची बाजू नीट बघा आणि एक फोटो काढून ठेवा, पुढचं सगळं त्यावरच ठरतं.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे एक वायर मदरबोर्डच्या (पीसीच्या मुख्य सर्किट बोर्डच्या) पोर्टात आणि दुसरी ग्राफिक्स कार्डच्या (डिस्प्लेसाठी वेगळं बसवलेल्या कार्डच्या). यूएसबी आणि ऑडिओ जॅकच्या शेजारचे पोर्ट मदरबोर्डचे, आणि वेगळ्या पट्टीवर असलेले कार्डचे. कार्ड बसवलेलं असलं की बऱ्याच जुन्या मशीनमध्ये बायोस (पीसी चालू होताना आधी चालणारा सेटिंगचा प्रोग्राम) ऑनबोर्ड, म्हणजे मदरबोर्डवरचा डिस्प्ले आपोआप बंद करतो, मग त्या पोर्टवरचा मॉनिटर तुम्ही दिवसभर बसलात तरी काळाच राहणार. दोन्ही वायरी कार्डला लावा, विषय संपला. कार्डला एकच पोर्ट असेल तर बायोसमध्ये मल्टी-मॉनिटर किंवा इंटरनल ग्राफिक्स असं काहीतरी सेटिंग मिळतंय का बघा, मिळालं तर एनेबल करा, पण ते प्रत्येक मशीनमध्ये असतंच असं नाही.

स्प्लिटर घेऊ नका. तो एकच सिग्नल दोघांना वाटतो, म्हणजे दोन्हीकडे तेच चित्र. एकीकडे एक्सेल आणि दुसरीकडे मेल हवा असेल तर उपयोग शून्य.

आता कन्व्हर्टर, कारण पैसे सगळ्यात जास्त इथेच वाया जातात. व्हीजीए, एचडीएमआय, डिस्प्लेपोर्ट आणि डीव्हीआय हे मॉनिटर जोडायच्या पोर्टांचे प्रकार. व्हीजीए अ‍ॅनालॉग आहे, एचडीएमआय डिजिटल, त्यामुळे पीसीला एचडीएमआय आणि मॉनिटरला व्हीजीए असेल तर आत चिप असलेला ॲक्टिव्ह कन्व्हर्टरच लागतो, दोन टोकं जोडलेली साधी वायर चालत नाही. आणि 'एचडीएमआय टू व्हीजीए' आणि 'व्हीजीए टू एचडीएमआय' या दोन वेगळ्या वस्तू आहेत हो, घाईत उलटी मागवली तर बसते व्यवस्थित पण चालत नाही! डिस्प्लेपोर्ट टू एचडीएमआय वायरचंही तेच, पीसीकडे डिस्प्लेपोर्ट आणि मॉनिटरकडे एचडीएमआय अशी बहुतेक वेळा मस्त चालते, उलट दिशेने नाही. डीव्हीआयमध्ये पोर्टच्या एका कडेला जी आडवी फट असते तिच्याभोवती चार बारीक भोकं आहेत का बघा. असतील तर तो सहसा डीव्हीआय-आय, त्याला व्हीजीएचा साधा अडॅप्टर चालतो. नुसती फट असेल तर डीव्हीआय-डी, तिथे जोर लावून अडॅप्टर घुसवायला जाऊ नका, पिना वाकतील फक्त.

पिनांवरून आठवलं, व्हीजीएवर स्क्रीन पिवळट दिसत असेल तर निळ्या रंगाची पिन लागत नाहीये, गुलाबी-जांभळट झाली तर हिरव्याची. वायर काढून टोक बघा, वाकलेली पिन चिमट्याने हळूच सरळ होते. मात्र मधल्या ओळीतली एक पिन बऱ्याच वायरींना मुळातच नसते, ती बघून वायर फेकू नका.

वायरिंग बरोबर आहे तरी एकच स्क्रीन? आधी मॉनिटरच्या बटणांवरून इनपुट सोर्स बरोबर निवडलाय ना ते बघा, मग विंडोज बटण आणि पी दाबून एक्स्टेंड (दोन्हीकडे वेगळं चित्र) निवडा. तरीही नाही तर डिव्हाइस मॅनेजर उघडा. तिथे डिस्प्लेखाली 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर' लिहिलेलं असेल तर ड्रायव्हरच (ग्राफिक्स चालवणारं सॉफ्टवेअर) पडलेला नाहीये, आणि विंडोज नव्याने टाकल्यावर हे बऱ्याचदा होतं. अशा वेळी डिस्प्ले सेटिंग्जमधलं डिटेक्ट बटण दाबत बसून काही होणार नाही, पीसीच्या किंवा कार्डच्या कंपनीच्या साइटवरून त्या मॉडेलचा ड्रायव्हर टाका.

मागे तीन पोर्ट आहेत म्हणून तीन मॉनिटर चालतील असंही नाही. 2011 च्या सेकंड जनरेशन इंटेल कोअरचं ऑनबोर्ड ग्राफिक्स एका वेळी दोनच स्क्रीन चालवतं, पोर्ट कितीही असोत.

आणि कोणी 'रॅम वाढव, मग दुसरा मॉनिटर चालेल' म्हटलं तर ऐकू नका. 1920 बाय 1080 च्या एका स्क्रीनच्या चित्राला साधारण 8 एमबी लागतात, त्याने काय फरक पडतोय. पीसी स्लो होतो तो दोन स्क्रीन मिळाल्यावर आपण चाळीस टॅब उघडून ठेवतो म्हणून.

कार्ड घ्यावंच लागलं आणि कॅबिनेट स्लिम असेल तर लो-प्रोफाइल, म्हणजे कमी उंचीच्या पट्टीचं कार्ड बघा, तेही वेगळी पॉवर वायर न मागणारं, कारण ऑफिस पीसीच्या छोट्या पॉवर सप्लायला ती वायर बऱ्याचदा नसतेच.

सगळं चालू झाल्यावर माउस उजवीकडच्या स्क्रीनवर जायला डावीकडे न्यावा लागत असेल तर डिस्प्ले सेटिंग्जमध्ये 1 आणि 2 चे चौकोन ओढून टेबलावर मॉनिटर जसे ठेवलेत तसे लावा. आणि एखादी विंडो बंद असलेल्या मॉनिटरवर अडकली तर टास्कबारवर तिच्यावर क्लिक करून विंडोज बटण, शिफ्ट आणि डावा किंवा उजवा बाण दाबा, येते परत.