शाळेत गांडूळखत : आधी ऊन आणि ओल सांभाळा

विज्ञान दिन आला म्हणून फेब्रुवारी-मार्चात गांडूळखत सुरू करू नका. परभणी, नांदेड, बीडकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर जातो. खताच्या गांडुळांना साधारण १५ ते २५ अंश मानवतात आणि ३५ च्या पुढे ती मरायला लागतात. जुलैत, पाऊस लागून हवा निवली की सुरुवात करा.

क्रेट, अर्धा कापलेला ड्रम किंवा विटांचा हौद, काहीही चालतं. तळाला भोकं हवीत आणि डोक्यावर कडुलिंबाची सावली. गांडुळं आयसेनिया फेटिडा जातीची घ्या, कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करा. मुलांना शेतातली गांडुळं खणून आणायला लावू नका. ती खोल मातीत राहणारी, हौदात टिकत नाहीत.

आता अंथरूण, म्हणजे गांडुळं ज्यात राहतात तो थर. बहुतेक शाळांचा प्रयोग इथंच फसतो, कारण 'शेण टाका, पाणी मारा' एवढंच त्यांना सांगितलेलं असतं. ताजं शेण कुजताना तापतं आणि त्यात सोडलेली गांडुळं मरतात. शेण सावलीत पंधरा-वीस दिवस पसरून ठेवा, अधूनमधून पाणी मारून वरखाली करा. मग आतपर्यंत हात घाला. ऊब लागली तर अजून थांबा, मुलं कितीही मागं लागू द्यात. गार झालं की भिजवलेलं सोयाबीनचं भुस किंवा उसाचं पाचट त्यात मिसळा.

आता मूठभर घेऊन दाबा. गोळा झाला आणि बोटांतून एखाद-दुसरा थेंब आला, तर ओल बरोबर. पाणी ओघळलं तर आत हवा उरत नाही. गांडूळ कातडीनं श्वास घेतं, म्हणून चिखलात गुदमरतं आणि कोरड्यातही मरतं. मुलांनी शिकायचं ते हेच, आणि ते फळ्यावर कळत नाही. रोज एकानं मूठ दाबावी आणि वहीत 'कोरडं', 'बरोबर' की 'चिंब' ते लिहावं. पाणी त्या नोंदीप्रमाणेच शिंपडायचं. बादली ओतायला कुणालाही परवानगी देऊ नका, अगदी मुख्याध्यापकांनाही. वर ओला बारदाना हवाच.

आधी दहा-बाराच गांडुळं सोडा. सकाळी ती आत शिरलेली दिसली तर बाकीची सोडा. कडांवर चढत असतील तर अंथरुणात बिघाड आहे.

खायला भाजीची देठं, केळीची सालं, चहाचा चोथा. पोषण आहारातली उरलेली खिचडी टाकू नका, मीठ आणि तेल त्यांना सोसत नाही. मोसंबीची सालं, कांदा, मिरचीही नको. हात साबणानं धुवायचे.

दोन-तीन महिन्यांत चहापत्तीसारखं खत होतं. ढीग उजेडात ठेवला की गांडुळं खाली जातात, वरवरचं खत काढत जा. तेव्हा पिवळसर कोष भिंगातून जरूर दाखवा. एकेकातून दोन-तीन पिल्लं निघतात.

मार्चअखेर हौद रिकामा करा. गांडुळं गोठा असलेल्या घरच्या मुलांकडे सावलीतल्या खड्ड्यात ठेवायला द्या आणि बारदाना सकाळ-संध्याकाळ ओला करायला सांगा.