लहान मुलांसाठी एईडी: पॅड कुठे लावायचे, शॉक किती

मूल हाकेला ओ देत नाही, तान्ह्याच्या तळपायाला टिचकी मारूनही हालचाल नाही, श्वास नाही किंवा नुसते आचके येताहेत, तर फोन स्पीकरवर टाकून 108 लावा आणि सीपीआर, म्हणजे छाती दाबणं आणि तोंडाने श्वास देणं, सुरू करा. लहान मुलांचं हृदय बहुतेकदा श्वास कोंडल्यामुळे थांबतं: पाण्यात बुडून, घशात शेंगदाणा अडकून. त्यामुळे तोंडाने श्वास देणं टाळू नका. एकटे असाल तर आधी 2 मिनिटं सीपीआर, मग एईडी, म्हणजे ठोके तपासून गरज असेल तर हृदयाला विजेचा शॉक देणारं यंत्र, आणायला धावा. मात्र छातीवर सीझन बॉल लागून मूल डोळ्यांदेखत कोसळलं, तर यंत्र आधी.

मोठ्या माणसाला साधारण 150 ते 200 ज्यूलचा (ज्यूल म्हणजे ऊर्जेचं माप) शॉक मिळतो. 8 वर्षांखालच्या किंवा 25 किलोंपेक्षा कमी वजनाच्या मुलासाठी लहान मुलांचे पॅड (यंत्राच्या, त्वचेला चिकटवायच्या पट्ट्या) लावा. काही यंत्रांना त्यासाठी वेगळी किल्ली किंवा बटण असतं. त्याने शॉक 50 ज्यूलच्या आसपास येतो. रुग्णालयात डॉक्टर याहून नेमका हिशेब करतात: पहिला शॉक किलोमागे 2 ज्यूल, म्हणजे 10 किलोंच्या मुलाला 20. लहान पॅड नसतील तर मोठ्यांचे लावा, वाट पाहू नका. उलटं मात्र करू नका. लहान पॅडचा शॉक मोठ्या माणसाला अपुरा पडतो.

खरी चूक होते ती पॅड लावताना. तान्ह्याच्या छातीवर दोन्ही पॅड बसवले की कडा एकमेकींना भिडतात आणि वीज हृदयातून न जाता वरच्यावर निघून जाते. म्हणून एक पॅड छातीच्या मधोमध, दुसरा पाठीवर, खांद्याच्या पात्यांमध्ये. मालिशचं तेल, पावडर किंवा पाणी कोरड्या फडक्याने खसखसून पुसा, नाहीतर पॅड सुटतो. स्पिरिट वापरू नका, ठिणगीने पेटतं. ताईत, साखळी बाजूला सरकवली तरी पुरे.

मुलाला आईच्या मांडीवरून उचलून कोरड्या, कडक जमिनीवर ठेवा. हे सांगणं जड जातं, पण यंत्र ठोके तपासत असताना कुणाचाही हात लागला तर त्याची गफलत होते, आणि शॉकच्या वेळी हात असेल तर झटका त्यालाही बसतो. “सगळे दूर” असं ओरडा, नजर फिरवा, मग बटण.

शॉकनंतर नाडी शोधत बसू नका. लगेच छाती दाबा: मिनिटाला 100 ते 120 वेळा, छातीच्या एक तृतीयांश खोल, तान्ह्यात सुमारे 4 सेंटिमीटर. एकटे असाल तर 30 दाबांमागे 2 श्वास, दोघं असाल तर 15 मागे 2. दर 2 मिनिटांनी यंत्र पुन्हा तपासेल. “शॉकची गरज नाही” याचा अर्थ मूल बरं झालं असा नव्हे. श्वास नसेल तर दाबत राहा. मूल रडू लागलं तरी पॅड काढू नका, यंत्र बंद करू नका.