मालवणला प्रवाळ बघायला जाताय? आधी हे वाचा

मी सांगलीत शाळेत जीवशास्त्र शिकवते. उन्हाळी सुट्टीत मालवणला जाऊन आलेला एखादा पालक मोबाइल पुढं करतो आणि विचारतो, "मॅडम, हे पांढरं पडलंय, म्हणजे मेलंय ना?" बहुतेकदा मेलेलं नसतं.

पांढरा गोटा दिसला की हात न लावता जवळून बघा. प्रवाळ हा प्राणी आहे. चुन्याच्या सांगाड्यावर त्याचे बारीक पॉलिप, म्हणजे इवले इवले जीव, असतात, आणि तपकिरी रंग बहुतांशी त्यांच्या पेशींत राहणाऱ्या शैवालाचा. पाणी नेहमीच्या उन्हाळ्याहून अंशभर जास्त तापलं आणि आठवडेच्या आठवडे तसंच राहिलं, की शैवालाचं प्रकाशसंश्लेषण बिघडतं, ऑक्सिजनची घातक रूपं तयार होतात आणि पॉलिप शैवालाला बाहेर काढतो. मग पारदर्शक मांसातून सांगाडा दिसतो. खळग्यांवर ओलसर, काचेसारखा पापुद्रा असेल तर जीव आहे, पण उपाशी. कारण अन्नाचा मोठा वाटा शैवालच पुरवतं. पाणी वेळेत निवलं तर ते परत येतं. खरबरीत पृष्ठभागावर हिरवट-तपकिरी लव चढली असेल, तर तो भाग गेला.

झगझगीत निळा-जांभळा दिसला तर लगेच खूश होऊ नका. शैवाल गेल्यावर काही प्रवाळ उन्हापासून बचावासाठी असे रंग वाढवतात.

इराणच्या आखातात पाणी उन्हाळ्यात ३४-३५ अंशांवर जातं, तरी तिथं प्रवाळ आहेत. त्यांच्यातलं शैवालच उष्णता सोसणारं. ती जात २०१५ साली नोंदली गेली. तिथले बरेच प्रवाळ अंडी-शुक्राणूंची गाठोडी एप्रिल-मेमध्ये, पौर्णिमेच्या आसपासच्या रात्री सोडतात, म्हणजे खरा उकाडा सुरू व्हायच्या आत. अळ्या काही दिवस तरंगतात आणि कठीण तळ मिळाला की चिकटतात. गरम पाण्यात त्यांची वाढ लवकर होते, त्यामुळं त्या फार लांब जात नाहीत. उष्णतेतून वाचलेला प्रवाळ मात्र पुढच्या हंगामात अंडी कमी धरतो. बाहेरून ठणठणीत दिसतो, म्हणून हे फोटोत कळत नाही.

बघायला नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा, पाणी त्यातल्या त्यात नितळ असतं. सनस्क्रीन चोपडण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट घाला. दमलात तर तरंगत राहा, प्रवाळावर उभं राहू नका.

तुटलेला तुकडाही उचलू नका. उसाच्या कांडीसारखा तोही जागा मिळाली तर रुजतो. शिवाय दगडी प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंक्तीला. शोकेससाठी खिशात टाकलेला तुकडाही गुन्हाच.