कार्यक्रमातच छापील फोटो देणारा फोटोग्राफर कसा निवडावा?

लग्नाचा अल्बम घरच्यांकडे राहतो. गावाहून आलेल्या मावशींना, वडिलांच्या जुन्या सहकाऱ्यांना त्यातला स्वतःचा फोटो सहसा मिळतच नाही. रिसेप्शनला काढलेला फोटो जेवण होईपर्यंत छापून त्यांच्या हातात दिला, तर तो त्यांच्या शोकेसमध्ये जाऊन बसतो. मात्र भर गर्दीत तिथल्या तिथे छापून देणं सुंदर फोटो काढणाऱ्या प्रत्येकाला जमतंच असं नाही. त्यामुळे माणूस पारखूनच घ्या.

आधी स्वतःचा हिशोब मांडा. समजा ५०० पाहुणे आहेत आणि साधारण चौघांचा एक गट, म्हणजे १२५ गट. दोन तासांत उरकायचं तर मिनिटाला एक प्रिंट. प्रत्येक गटाला दोन प्रती द्यायच्या असतील तर अर्ध्या मिनिटाला एक. त्यातही मधल्या तासाभरात स्टेजवर झुंबड उडते ती वेगळीच.

हा आकडा सांगून फोनवर पहिला प्रश्न विचारा: प्रिंटर कोणता? उत्तर ‘डाय-सब’ असायला हवं. या यंत्रात रिबनवरचा पिवळा, किरमिजी आणि निळा रंग उष्णतेने एकापाठोपाठ एक कागदावर उतरतो आणि शेवटी वर पारदर्शक थर चढतो. प्रिंट कोरडाच बाहेर येतो. जेवून हात धुतलेल्या माणसाने ओल्या बोटांनी धरला तरी रंग पसरत नाही. डीएनपी, सिटिझन, हायटी यांची व्यावसायिक यंत्रं ४x६ चा प्रिंट साधारण १०-१५ सेकंदांत देतात. कॅननच्या छोट्या ‘सेल्फी’ प्रिंटरला पाऊण मिनिट लागतं आणि ट्रेमध्ये १८च कागद मावतात. घरगुती बारशाला तो छान आहे, रिसेप्शनला नाही. राखीव रोल आणि दुसरा प्रिंटर सोबत असतो का, हेही तेव्हाच विचारा.

एकटा येणारा फोटोग्राफर, कितीही नावाजलेला असो, या कामाला नको. एकजण स्टेजसमोर, दुसरा लॅपटॉप-प्रिंटरवर, आणि फोटो ज्याचा त्याला देणारा तिसरा असेल तर उत्तमच. स्टेजवरून उतरतानाच गटाला नंबराचं टोकन देणारी मंडळी असतील, तर त्यांना या कामाची सवय आहे असं समजा.

मग स्टुडिओत जा आणि नमुना समोर छापून घ्या. तोही उन्हातल्या फोटोचा नको, रंगीत एलईडी लावलेल्या स्टेजवरचा मागा. जांभळ्या-निळ्या दिव्यांत चेहरे राखाडी पडतात आणि पैठणीची जर मातकट दिसते. ते सांभाळता येणं हीच खरी परीक्षा. फ्रेमवर नावं मराठीत हवी असतील तर छापील प्रूफ आधी बघाच. फॉन्ट जुळला नाही तर ‘श्रद्धा’, ‘ज्ञानेश्वर’ यांसारख्या नावांतली जोडाक्षरं फुटतात आणि तेच फुटकं नाव शेकडो घरांत जातं.

कार्यालयात टेबल जेवणाच्या हॉलच्या दाराजवळ मांडा, म्हणजे निघताना फोटो घेणं सोपं जातं आणि स्टेजपाशी गर्दी साचत नाही. प्रिंटर गरम होताना बरीच वीज ओढतो. डेकोरेटरच्या माळांच्या एक्स्टेंशनवर तो लावू नका, वेगळा पॉइंट मागून घ्या. छापताना वीज गेली तर तो कागद वाया जातो, म्हणून यूपीएस हवा. बाहेरच्या फोटोग्राफरसाठी काही कार्यालयं वेगळे पैसे घेतात, तेही विचारून ठेवा.

पैशांचं बोलताना ‘अनलिमिटेड’ शब्दावर थांबू नका. गटाला एक प्रत की प्रत्येक माणसाला? किती तास? वेळ वाढली तर दर काय? जीएसटी, प्रवासखर्च धरून आहे का? मूळ फोटो नंतर कसे मिळणार, आणि ते आपल्याला न विचारता तो कुठे टाकणार नाही ना? एवढं सगळं व्हॉट्सअॅपवर लिहून त्याच्याकडून होकार घ्या, मगच अॅडव्हान्स पाठवा.