सामू दुरुस्त करण्याआधी पाणी ओळखावे: घरात वाढणाऱ्या मिरची-टोमॅटोच्या रोपांसाठी

ठाणे आणि नवी मुंबईतल्या सदनिकांमध्ये खिडकीच्या कट्ट्यावर किंवा एलईडी दिव्याखाली मिरची, टोमॅटो, वांगी यांची रोपे तयार करणाऱ्यांची पहिली खरेदी बहुधा सामूमापकाची, म्हणजे पाण्याची आम्लता-अल्कता (पीएच) दाखवणाऱ्या उपकरणाची असते. मापकावर ७.८ असा आकडा दिसला की पाण्यात लिंबू पिळले जाते, आकडा खाली येतो आणि काम झाले असे वाटते. तरीही दोन-तीन आठवड्यांनी कोवळी पाने पिवळी पडतातच. पाण्याचा सामू म्हणजे त्या क्षणाची स्थिती. ट्रेमधल्या कोकोपीटचा, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाचा, सामू पुढे कोणत्या दिशेने सरकणार, हे पाण्यातल्या बायकार्बोनेटच्या (आम्ल शोषून सामू वर ठेवणाऱ्या क्षाराच्या) प्रमाणावर, म्हणजे तपासणी अहवालात अल्कलिनिटी या नावाने दिलेल्या आकड्यावर, बरेचसे अवलंबून असते.

म्हणून आपल्या नळाला येणारे पाणी कोठले आहे, याची चौकशी आधी करावी. नवी मुंबई महापालिकेचे पाणी मुख्यतः मोरबे धरणातून येते. ठाण्याला भातसा, उल्हास आणि बारवीचे पाणी वेगवेगळ्या योजनांतून मिळते. सह्याद्रीच्या पावसावर भरणारे हे पाणी साधारणपणे हलके असते आणि रोपांना मानवते. खरी अडचण टँकरची आणि बोअरवेलची आहे. घोडबंदर रस्त्यावरच्या कित्येक संकुलांत उन्हाळ्यात टँकर मागवावे लागतात, काही सोसायट्या बोअरचे पाणी त्याच टाकीत सोडतात आणि खाडीलगतच्या बोअरला खारेपणाही असू शकतो. अशा इमारतीत जानेवारीत घेतलेले माप मे महिन्यात उपयोगी पडत नाही. भारतीय मानक १०५०० पिण्याच्या पाण्यासाठी ६.५ ते ८.५ सामू ग्राह्य धरते, पण ते माणसाच्या दृष्टीने, ८.३ सामूचे आणि भरपूर बायकार्बोनेट असलेले पाणी पिण्यास योग्य असूनही लहान कप्प्यातल्या रोपाला जड जाते.

बायकार्बोनेट मोजण्यासाठी प्रयोगशाळेची गरज नाही. मत्स्यालयाच्या दुकानात केएच (कार्बोनेट कठीणपणा) चाचणीचा संच मिळतो. काचेच्या नळीत ५ मिलिलिटर पाणी घेऊन एकेक थेंब टाकावा आणि प्रत्येक थेंबानंतर नळी हलवावी. पाणी आधी निळसर दिसते आणि एका विशिष्ट थेंबाला ते स्पष्ट पिवळे होते. बहुतेक संचांत एक थेंब म्हणजे एक अंश, अर्थात कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात लिटरमागे सुमारे १८ मिलिग्रॅम. तरी संचासोबतची पत्रिका पाहून घ्यावी. तीन ते पाच थेंबांत रंग पालटला तर सामूच्या मागे लागू नये, ते पाणी जसेच्या तसे घालावे. आठ-दहा थेंब लागले तर मात्र उपाय करावाच लागतो, कारण ट्रेच्या कप्प्यात मूठभरही माध्यम (कोकोपीट) नसते आणि रोजच्या पाण्याबरोबर त्याचा सामू चढत जातो. तो ७च्या पुढे गेला की माध्यमात लोह असूनही मुळांना घेता येत नाही. अशा वेळी सर्वांत वरचे, नवे पान पाहावे: शिरा हिरव्या आणि त्यांच्या मधला भाग फिकट पिवळा दिसतो. खालची जुनी पाने आधी पिवळी पडत असतील, तर कारण बहुधा नत्राची कमतरता असते.

जड पाण्यावर सर्वांत सुरक्षित उपाय म्हणजे ते पातळ करणे. आरओचे शुद्ध पाणी किंवा पावसाळ्यात गच्चीवर स्वच्छ भांड्यात धरलेले पाणी निम्म्याने मिसळले की बायकार्बोनेटही जवळजवळ निम्मे होते. आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणी मात्र रोपांना घालू नये, त्यात क्षार एकवटलेले असतात. सॉफ्टनरच्या (पाणी मृदू करणाऱ्या यंत्राच्या) पाण्यात सोडियम असते, तेही टाळावे. निव्वळ आरओच्या पाण्यात मापकाचा आकडा स्थिर राहत नाही, त्यामुळे घाबरून त्यात काही मिसळू नये. तेच पाणी कायम वापरायचे असल्यास कॅल्शियम आणि मॅग्नेशियम खतातून द्यावे लागते.

पातळ करण्याची सोय नसेल तर सायट्रिक आम्ल वापरावे. एक लिटर पाण्यात १० ग्रॅम विरघळवून द्रावण करावे. मग नळाचे एक लिटर पाणी वेगळे घेऊन त्यात सुई नसलेल्या सिरिंजने हे द्रावण एकेक मिलिलिटर घालावे, ढवळावे आणि सामू ६च्या आसपास येईपर्यंत किती लागले ते लिहून ठेवावे. अर्ध्या तासाने पुन्हा मोजावे, कारण कार्बन डायऑक्साइड उडून गेल्यावर आकडा थोडा वर सरकतो. बादलीचे प्रमाण त्यावरून काढता येते. सूक्ष्मजीव हे आम्ल खाऊन टाकतात, त्यामुळे द्रावण ताजेच करावे आणि मिसळलेले पाणी त्याच दिवशी संपवावे. बॅटरीचे किंवा फरशी धुण्याचे आम्ल घरातल्या रोपांसाठी कधीही वापरू नये.

मापकावर विश्वास ठेवण्याआधी तो ४.०० आणि ६.८६ सामूच्या बफर (ठरावीक सामूच्या) द्रावणात तपासून घ्यावा. त्याचे टोक कोरडे ठेवू नये आणि शुद्ध पाण्यातही बुडवून ठेवू नये. त्यासाठी पोटॅशियम क्लोराइडचे द्रावण मिळते.

कोकोपीटकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते, आणि माझ्या मते निम्म्या तक्रारी तिथूनच सुरू होतात. वीट भिजवून, पिळून, ते पाणी टाकून द्यावे आणि निथळणाऱ्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) नळाच्या पाण्याच्या जवळ येईपर्यंत ही धुणी चालू ठेवावी. पहिली खरी पाने येईपर्यंत साधे पाणी पुरते. त्यानंतर विद्राव्य खत सांगितलेल्या मात्रेच्या पावपटच द्यावे. कप्प्याच्या कडेला पांढरी पापडी धरू लागली तर खत थांबवून साध्या पाण्याने माध्यम धुऊन काढावे.

नळातल्या नेहमीच्या क्लोरीनने रोपे मरत नाहीत. सोसायटीची टाकी ब्लीचिंग पावडरने धुतली असेल, तर मात्र पाणी उघड्या बादलीत एक दिवस ठेवून वापरावे. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी गच्चीवरच्या टाकीचे पाणी चांगलेच तापलेले असते; ते थेट घालू नये, सकाळी भरून घरात ठेवलेले पाणी द्यावे. पावसाळ्यात उलट पाण्याचा हात आखडता घ्यावा, कारण दमट हवेत माध्यम सतत ओले राहिले तर रोपे बुडाशी बारीक होऊन कोलमडतात आणि त्या रोगावर सामूच्या दुरुस्तीचा काहीही उपयोग होत नाही.

दर पंधरवड्याला निचऱ्याचे पाणी तपासावे. ट्रेला पाणी घालून तासभर थांबावे, वरून थोडे शुद्ध पाणी हळूच सोडावे आणि खाली थेंबथेंब येणारे पाणी वाटीत धरून त्याचा सामू मोजावा. तो आकडा ५.५ ते ६.५ च्या दरम्यान असेल तर नळाचा सामू काहीही असला तरी पाण्यात बदल करू नये. दोन मापांत तो सलग वर चढताना दिसला, तरच पाणी पातळ करण्याचे प्रमाण वाढवावे.